दिवा लागण्याआधीची आग

हाताने घडवलेला लाकडी दिवा दाखवला की बघणारा हमखास विचारतो, "बल्बच्या उष्णतेनं पॉलिश पेटणार नाही ना?" काळजी रास्त आहे, पण ती चुकीच्या जागी केली जाते. जुन्या ६० वॅटच्या बल्बची काच १०० अंश सेल्सियसच्याही वर तापायची. तेवढाच उजेड देणारा एलईडी ८-९ वॅटवर चालतो. त्याची उष्णता होल्डरच्या बाजूला साठते, म्हणून तिथे हवा खेळती ठेवली की पुरतं वाळलेलं बहुतेक कुठलंही फिनिश चालतं. धोका असतो तो दिवा लागण्याआधी, लाकडाला लावलेलं जवसाचं तेल पुसून कोपऱ्यात टाकलेल्या फडक्यात.

पाणी वाळतं म्हणजे उडून जातं आणि वजन घटतं. जवसाचं तेल वाळताना मात्र जड होतं, कारण ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं! या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल हे मेदाम्ल असतं. त्याच्या १८ कार्बनांच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन असतो, त्याचे हायड्रोजन फार सैल धरलेले असतात. त्यातला एक निसटला की उघड्या पडलेल्या जागी ऑक्सिजन येऊन चिकटतो. तिथे तयार झालेला पेरॉक्सी मूलक, म्हणजे ऑक्सिजन चिकटलेला अस्थिर तुकडा, शेजारच्या साखळीतला हायड्रोजन हिसकावतो, मग ती साखळीही उघडी पडते. अशा उघड्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पातळ तेलाचं घट्ट जाळं विणलं जातं. लाकडावर दिसणारा तो चिवट थर म्हणजे हेच जाळं. खोबरेल तेलात दुहेरी बंध नावापुरतेच असतात, म्हणून ते कितीही दिवस ठेवा, वाळत नाही, नुसतं खवट होतं.

या विणकामात उष्णता बाहेर पडते. दिव्याच्या अंगावर थर पातळ असतो, ती हवेत निघून जाते. चुरगाळलेल्या फडक्यात तेल हजारो धाग्यांवर पसरलेलं असतं, ऑक्सिजन भरपूर मिळतो, पण घड्यांमधली हवा उष्णता कोंडून ठेवते. तापमान चढलं की क्रिया वेगावते, वेगावली की आणखी तापते. मी एकदा असं फडकं दोन तासांनी उचललं, तर आतली घडी तळहाताला चांगलीच ऊबदार लागली. त्या दिवसापासून मी फडकी एकेरी पसरूनच वाळवतो, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावतो. १९९१ साली फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत अशाच जवसाच्या तेलाच्या फडक्यांपासून पेटली आणि तीन अग्निशामक जवानांचा जीव गेला.

म्हणूनच "शंभर टक्के नैसर्गिक, म्हणून सुरक्षित" ही जाहिरात मला खटकते. पेटणारं तेलही नैसर्गिकच असतं. "तेल पाजलं की लाकूड जिवंत राहतं" हेही खरं नाही. कापलेलं लाकूड मेलेलंच असतं, तेल फक्त ओल आत-बाहेर होण्याचा वेग कमी करतं. डब्यावर "बॉइल्ड" लिहिलेलं तेल बहुतेकदा उकळलेलं नसतंच, त्यात कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार घालून वाळणं वेगवान केलेलं असतं.

निवड सोपी आहे. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवलेलं असतं. स्पिरिट उडालं की थर तयार; लावताना मात्र जवळ ज्योत नको. लाख साधारण ७० अंशांना मऊ पडते आणि मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून होल्डरजवळ मेण लावू नये. पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा थर देणारं वॉर्निश, मला सर्वांत निर्धास्त वाटतं. तेलच आवडत असेल तर खुशाल लावा, पण वायरच्या भोकात तेल जाऊ देऊ नका. तिथे ऑक्सिजन कमी पोचतो आणि ते महिनोन्‌महिने ओलं राहतं. वायर शेवटी ओवावी. त्याआधी दिव्याच्या बुडाला नाक लावून बघावं. जवसाचा उग्र वास येत असेल तर आत जाळं अजून विणलं जातंय.