पाटा वाढवला, शॉकअप तोच

चोर्ला घाटातून गोव्याला भाजी टाकून परतणारी रिकामी पिकअप जांबोटीच्या पुढे कधी मागून बघा. एका खड्ड्याला हौदा उडतो, खाली येतो, पुन्हा उडतो आणि तेवढ्यात दुसरा खड्डा येतो. चहाला थांबलेल्या ड्रायव्हरला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "मागं एक पाटा वाढवलाय की." पाटा म्हणजे मागच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी. आणि धक्का जिरवणाऱ्या शॉकअपचं, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरचं काय? "ते कंपनीचेच हाईत."

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सस्पेन्शनचं काम म्हणजे पाट्याचं काम, अशी जुनी समजूत आहे. ती अडाणीपणातून आली, असं मला वाटत नाही. एकेकाळी ती बरोबरच होती.

जुन्या जीपचे पाटे खोलताना बघितले असतील तर हे लगेच पटेल. सगळ्यात वर मोठा पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना वळवलेले डोळे. त्याखाली एकाहून एक आखूड पाटे, मधून सेंटर बोल्ट, वरून यू-क्लॅम्प. सुटे केले की प्रत्येक पाट्याच्या टोकाजवळ चकचकीत घासलेला पट्टा दिसतो. चाक वर गेलं की हे पाटे एकमेकांवर सरकतात, घासतात, आणि त्या घासण्यात धक्क्याची बरीच ताकद उष्णता होऊन जिरते. स्प्रिंगचं काम फक्त धक्का साठवणं आणि परत देणं. तो जिरवायला दुसरं काहीतरी लागतं, आणि ते दुसरं काहीतरी पाट्यांच्या जुडग्यात आयतंच होतं. एक पाटा वाढवला की कडकपणाही वाढायचा आणि घर्षणही. जोडी आपोआप जमायची, थोडीफार का होईना.

युरोपातल्या घोडागाड्या अशाच पाट्यांवर चालल्या आणि सुरुवातीच्या मोटारीही. वेग वाढला तसं हे घर्षण पुरेनासं झालं. फ्रान्समध्ये ट्रुफो नावाच्या संशोधकाने कात्रीसारख्या दोन हातांच्या सांध्यात चकत्या दाबून बसवायची युक्ती काढली. ती अमेरिकेत नेऊन विकली एडवर्ड हार्टफर्ड याने, 1904 च्या सुमारास. म्हणजे सुरुवातीचा हा शॉकअपही घर्षणाचाच, पाट्याचंच काम वेगळ्या डब्यात. त्याची खोड अशी की तो सावकाश हलवा की जोरात, विरोध जवळपास तेवढाच. बारीक खडीवर तो जाम होऊन बसायचा आणि मोठ्या खड्ड्यात कमी पडायचा.

खरा बदल तेलाने केला. तेल बारीक छिद्रातून ढकलायचं, म्हणजे जितक्या जोरात ढकलाल तितका विरोध जास्त. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक्सच्या (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या) कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. छिद्र, व्हॉल्व्ह, तेलाचा दाटपणा ही त्याची रोजची भाषा आहे. फ्रेंच माणूस मॉरिस हूदाय याचे तेलाचे शॉकअप फोर्डच्या 'मॉडेल ए'ला 1927 च्या अखेरीस आले आणि साध्या माणसाच्या गाडीपर्यंत ही गोष्ट पोचली.

मग 1934 मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक, ब्यूक अशा गाड्यांना पुढे गुंडाळीची, म्हणजे कॉइल स्प्रिंग आली. त्यामागे मॉरिस ऑली हा इंजिनिअर होता. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. म्हणून पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ ठेवली तर दोन्ही टोकांचं डोलणं लवकर जुळतं आणि गाडी होडीसारखी हेलकावत नाही, हे त्याने मांडलं. पण गाडीवाल्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट निराळीच झाली. कॉइलमध्ये घासायला काही नाही. तिच्या अंगचं घर्षण इतकं कमी की जिरवण्याचा सगळा भार शॉकअपवर आला. स्प्रिंगला साजेसाच शॉकअप हवा, हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हापासूनचा.

किती साजेसा, याचा हिशेब सोपा आहे. एका चाकावर 300 किलो भार आणि स्प्रिंग मिलिमीटरला 20 न्यूटनची, म्हणजे साधारण दोन किलो वजनाला एक मिलिमीटर दबणारी. अशी गाडी सेकंदाला सुमारे 1.3 वेळा खालीवर होते. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर हे 1.8 च्या वर जातं, आणि पूर्वीइतक्याच हेलकाव्यांत स्थिर व्हायला शॉकअपची ताकद सुमारे 1.4 पट लागते. दुप्पट नाही, 1.4 पट, कारण इथे वर्गमूळ येतं. शिवाय बहुतेक शॉकअप दाबताना मऊ आणि उलगडताना बरेच कडक ठेवलेले असतात. दबलेली स्प्रिंग वर फेकते, तेव्हा तिला धरून ठेवणं हेच मुख्य काम.

आपल्याकडे हे सगळं उशिरा पोचलं. अँबेसेडरला मागे पाटे, जीपला चारी बाजूंनी पाटे. 1983 ला मारुती 800 आली आणि तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होता, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यावर. पण त्याच कंपनीच्या ओम्नीला मागे पाटेच राहिले. त्यामुळे एकाच गॅरेजात, एकाच मिस्त्रीच्या हातात दोन वेगवेगळ्या काळांच्या गाड्या आल्या, आणि नियम मात्र जुनाच चालू राहिला. पाट्यांतही फरक पडला. नव्या पाट्यांच्या टोकांना घर्षण कमी करायला प्लॅस्टिकच्या चकत्या असतात, म्हणजे तिथेही आता शॉकअपवाचून भागत नाही.

मी स्वतः यात फसलो आहे. जुनी हॅचबॅक, मागून बसते म्हणून कॉइलच्या वेढ्यांत रबरी बफर घालून घेतले. गाडी ताठ उभी राहिली, मी खूश. खानापूरच्या रस्त्यावर पुलाच्या सांध्यांवरून जाताना मागची बाजू टुणटुणत आडवी सरकायला लागली, तेव्हा घाबरलो. बफरने दोनेक वेढे जखडले होते, स्प्रिंग कडक झाली होती, आणि शॉकअप मूळचेच, तेही दमलेले. दुसऱ्या मिस्त्रीने डिकीच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडलं. मागची बाजू तीनदा खालीवर झाली. नीट शॉकअप असेल तर एकदा वर येऊन जराशी हलून थांबायला हवी होती. खाली वाकून बघितलं तर शॉकअपच्या नळीवर तेल ओघळून त्यावर लाल धुळीचा थर बसलेला.

नवे शॉकअप बसवले, तरी टुणटुण पूर्ण गेली नाही. ते मूळ स्प्रिंगसाठी बनवलेले, बफर घातलेल्या स्प्रिंगसाठी नव्हे. शेवटी बफर काढून टाकले. गाडी मागून पुन्हा थोडी बसते. सणाला गोव्याच्या पाहुण्यांकडे बासमतीची दोन पोती न्यायचो, आता एकच नेतो.