घरावरील रंगीत पत्र्याचा रंग उडणे

नागपुरात गच्चीवरच्या शेडला, पोर्चला किंवा सबंध घराला घातलेला, कारखान्यातच रंगवलेला पोलादी पत्रा (बोलीत टिन) काही वर्षांत फिका, पांढुरका किंवा डागाळलेला दिसू लागतो. नुसता फिकेपणा हा रंगाच्या थराचा दोष असतो. पत्रा किती टिकेल हे मुख्यतः त्याखालच्या जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियम-जस्ताच्या मुलाम्यावर ठरते. म्हणून रंगारी बोलावण्याआधी डाग कशाचा आहे ते पाहावे.

घरगुती पत्रा साधारण ०.४५ ते ०.५० मिमी जाड असतो. मुलाम्यावर सुमारे ५ मायक्रॉन प्रायमर आणि त्यावर २० मायक्रॉनच्या आसपास पॉलिएस्टर रंग असतो. उन्हातील अतिनील किरणांनी रंगातील राळ (रंगद्रव्य धरून ठेवणारा चिकट घटक) तुटते, रंगद्रव्य सुटे होते आणि वर पांढरी भुकटी धरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा गडद पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि ही झीज वेगाने होते. भडक लाल-पिवळ्या छटांमधील सेंद्रिय रंगद्रव्ये लवकर उडतात. लोह ऑक्साइडचा विटकरी-तपकिरी रंग टिकतो. पीव्हीडीएफ (फ्लोरिनयुक्त प्लास्टिकच्या राळेचा) रंग पॉलिएस्टरपेक्षा बराच टिकाऊ, पण महाग.

ओळखण्यासाठी काळे फडके पत्र्यावर कोरडेच घासावे. पांढरी भुकटी लागली तर राळ झिजली आहे. मूळ छटा पाहायची तर कौलपट्टीखाली (छताच्या माथ्यावरील झाकणपट्टीखाली) झाकलेला भाग बघावा. कूलर किंवा टाकीचे पाणी गळते तिथले पांढरे ओघळ बोअरच्या जड पाण्यातील क्षारांचे असतात. ते कोरडे पुसून जात नाहीत. कोराडी-खापरखेडा औष्णिक केंद्रांच्या बाजूला राखेचा करडा थर बसतो आणि दवाने चिकटतो. तो पुष्कळदा रंग गेल्यासारखाच दिसतो, पण धुतला की निघतो.

खरी काळजी तांबूस डागांची. सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू बसवताना उडालेला लोखंडाचा कीस झाडला नाही, तर पहिल्याच पावसात स्क्रूभोवती तपकिरी ठिपके उमटतात. ग्राइंडरने कापलेल्या कडेला मुलामा जळतो आणि ठिणग्या रंगात रुततात. पत्रा कात्रीनेच कापावा. एसीच्या तांब्याच्या नळीवरून ओघळणारे पाणी जस्त खाते. पावसाळ्यात थप्पी लावून ठेवलेल्या ओल्या पत्र्यांवर पांढरा गंज चढतो, तोही बसवण्याआधीच.

धुण्यासाठी सौम्य साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेचा ब्रश वापरू नये. पुन्हा रंगवायचे असल्यास भुकटी पूर्ण धुऊन पत्रा वाळवावा, नाहीतर नवा रंग भुकटीवरच बसतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. गंज पॉलिश पेपरने घासून उघड्या जागी इपॉक्सी किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर द्यावा, मग बाहेरच्या वापराच्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात. उघड्या जस्तावर साधा तेली एनॅमल थेट मारू नये: जस्ताशी अभिक्रिया होऊन रंगातील तेलाचा साबण बनतो आणि रंग सोलून निघतो. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दव वाळल्यावर सकाळी करावे. तापलेल्या पत्र्यावर रंग पसरण्याआधीच सुकतो. बारीक ओरखडा असेल तर तेवढीच रेघ बारीक कुंचल्याने भरावी. मोठा ठिगळ मारला तर त्याचा रंग कारखान्यातील भाजलेल्या रंगापेक्षा वेगळ्या गतीने फिका पडतो आणि दोन वर्षांत लांबूनही उठून दिसतो.