पंचनाम्यातले ‘शॉर्ट सर्किट’ : ट्रॅक्टरच्या आगीमागची शंभर वर्षे

ट्रॅक्टर जळाला की पंचनाम्यात कारण जवळजवळ ठरलेले असते, शॉर्ट सर्किट. विमा कंपनीला ते चालते, मालकाला चालते, लिहिणाऱ्यालाही दुसरे काही सुचत नाही. प्रत्यक्षात या दोन शब्दांत पाच-सहा वेगवेगळ्या बिघाडांची मोट बांधलेली असते. त्यातला एकेक बिघाड यंत्राच्या इतिहासात वेगवेगळ्या वेळी ट्रॅक्टरवर चढून बसला आहे.

विजेमुळे शेतीयंत्रे पेटल्याचा एक जुना आणि मोठा प्रसंग तर अशा यंत्रांचा आहे, ज्यांवर ना बॅटरी होती ना वीतभर वायर. 1914 च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वायव्य भागात, वॉशिंग्टन आणि आयडाहोच्या गहू पट्ट्यात, सुमारे 300 मळणी यंत्रे स्फोट होऊन किंवा पेटून खराब झाली. यंत्र वाफेच्या इंजिनावर लांब पट्ट्याने चालायचे. आधी संशय गेला घातपातावर. कोणीतरी पेंढ्यांत काडेपेटीच्या काड्या खोचतो, अशी कुजबुज होती. इंजिनाच्या ठिणग्यांवरही बोट दाखवले गेले. अमेरिकी कृषी खात्याच्या डेव्हिड प्राइस आणि मॅकॉर्मिक या दोघांनी छडा लावून 1916 मध्ये अहवाल छापला. गव्हावर काणी (दाण्याची काळी भुकटी करणारा बुरशीचा रोग) पडली होती, हवा कमालीची कोरडी होती. मळताना काणीची काळी भुकटी यंत्राच्या पोटात ढगासारखी भरायची, आणि फिरत्या भागांवर घर्षणाने साचलेल्या विजेची एक ठिणगी तिला पुरायची. उपाय निघाला तो साधा: यंत्राचे सगळे लोखंडी भाग तारेने एकमेकांना जोडायचे, तार जमिनीत उतरवायची आणि भुकटी ओढून बाहेर टाकायला पंखा बसवायचा. म्हणजे अर्थिंग. मळणीच्या पट्ट्याजवळ हात नेल्यावर अंगावरचे केस उभे राहतात, तीच ही वीज.

ट्रॅक्टरच्या पोटात वीज शिरली ती मात्र हळूहळू. 1917 चा फोर्डसन ट्रॅक्टर फ्लायव्हीलमधल्या मॅग्नेटोवर, म्हणजे बॅटरीशिवाय चुंबकाने वीज बनवणाऱ्या यंत्रावर, ठिणगी पाडायचा. हँडल मारा आणि चालवा. 1921 चा जर्मन लान्झ बुलडॉग तर पुढच्या लोखंडी गोळ्याला ब्लो-लँपने तापवून सुरू करावा लागे. त्या काळी ट्रॅक्टर पेटला तर सांडलेल्या इंधनाने पेटे किंवा त्या लँपने. मॅग्नेटोची ठिणगी सोडली तर विजेचा दोष काढायला तिथे वीजच नव्हती.

मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी बॅटरीवरची मोटर, आला, आणि आजपर्यंत न सुटलेला प्रश्न त्याच्याबरोबर आला. डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ काही क्षण शेकडो अँपिअर ओढतो. त्यामुळे बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या जाड केबलला बहुतेक ट्रॅक्टरांवर फ्यूज नसतो. हेडलाइटला फ्यूज, हॉर्नला फ्यूज, आणि सगळ्यात धोक्याची केबल उघडी. तिचे रबर कुठे चेसिसवर घासून झिजले, तर बॅटरीची सगळी ताकद त्या एका जागी उतरते. फिटर बॅटरी सोडवताना बॉडीला जोडलेले निगेटिव्ह आधी का काढतो, त्याचे कारण हेच. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेले आणि पान्याचे दुसरे टोक बॉडीला टेकले, की पाना तिथेच चिकटतो.

जुन्या गाड्यांचा व्होल्टेज कमी असल्यामुळे त्या सुरक्षित, असा एक समज आहे. तो उलटा आहे. 1947 चा फोर्ड 8 एन हा 6 व्होल्टचा, त्यातही पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेला. तेवढ्याच वॅटचा दिवा 6 व्होल्टवर लावला की 12 व्होल्टच्या दुप्पट करंट वाहतो, आणि खराब सांध्यात उष्णता चौपट होते. कापडाच्या वेष्टनातल्या रबरी वायरी कडक होऊन तडकायच्या, ते वेगळेच. दुसऱ्या महायुद्धानंतर पीव्हीसीचे वेष्टन आले, मागोमाग 12 व्होल्ट रुळले आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. पीव्हीसीला उंदीर मात्र आवडीने कुरतडतात.

चार्जिंगची, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी भरण्याची गोष्ट याहून गमतीची आहे. गावाकडे अजून ‘डायनामो’ हाच शब्द चालतो, पण बॉनेटखाली असतो अल्टरनेटर. खऱ्या डायनामोला कटाउट असायचा. इंजिन बंद झाले की तो बॅटरीचा रस्ता तोडायचा. कटाउटचे पॉइंट चिकटले, तर बॅटरी उलट डायनामोलाच मोटरीसारखी फिरवू बघायची आणि वायरी लाल व्हायच्या. 1960 नंतर करंट एकाच दिशेने जाऊ देणारे सिलिकॉन डायोड स्वस्त झाले, अल्टरनेटर आला, कटाउट गेला. रस्ता तोडणारे मात्र आता काहीच उरले नाही. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत चावी काढल्यावरही बॅटरीचा करंट उभाच असतो. तो उलटा आत जात नाही एवढे डायोड बघतो. बॅटरी उलटी जोडून कोणी डायोड जाळले, तर ती अडवणूकही संपली. रात्री गोठ्याशेजारी बंद उभा असलेला ट्रॅक्टर पहाटे जळालेला सापडतो, तेव्हा दर वेळी भाऊबंदकीच शोधायचे कारण नाही.

भारतात ट्रॅक्टर बनायला लागले ते 1959 पासून, फरिदाबादच्या आयशरच्या कारखान्यात. 1963 मध्ये मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली आणि बी-275 घराघरांत पोचला. या पिढीच्या डिझेल ट्रॅक्टरवर वीज लागे ती सेल्फ, दिवे आणि हॉर्न एवढ्यापुरती. एकदा सुरू झाला की बॅटरी काढून ठेवली तरी इंजिन चालत राही. वायरिंग एका माणसाच्या डोक्यात मावेल इतके सोपे होते, म्हणून ज्याने त्याने त्यात हात घातला.

पुढचे सगळे या हात घालण्यातून झाले. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या ओढत रात्रभर चालणारा ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर बघावा: कपाळावर एलईडीच्या पट्ट्या, मागे भलेमोठे स्पीकर, अँप्लिफायर, मोबाइल चार्जर, ट्रॉलीचे दिवे. यातले बरेचसे थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून घेतलेले असते, मध्ये फ्यूज न घालता, वायर पिळून वर काळी टेप गुंडाळून. फ्यूज असला तरी सैल सांधा त्याला दिसत नाही. 10 अँपिअर वाहत असताना सांध्यात पाव ओहमचा अडथळा असेल, तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत 25 वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची डाग द्यायची सोल्डरिंग तेवढीच असते. अडथळ्याने करंट वाढत नाही, उलट थोडा घटतो. मग फ्यूज कशाला उडेल? दिवा जरा मंद होतो, टेप वितळते, आणि तिथे पाचट अडकलेले असले की झाले.

पाचट, भुस्कट, धूळ. वायर तापली तरी पेटायला काहीतरी लागते, आणि शेतात ते फुकट मिळते. अमेरिकेच्या साउथ डकोटात सूर्यफुलाची काढणी करणारे हार्वेस्टर वारंवार पेटायचे, तेव्हा संशय 1914 मध्ये दोषी ठरलेल्या त्याच घर्षणाच्या विजेवर होता. तिथल्या राज्य विद्यापीठाने तपासले तर सूर्यफुलाची धूळ मक्याच्या किंवा सोयाबीनच्या धुळीपेक्षा कमी तापमानाला धुमसते आणि एक्झॉस्ट व टर्बोच्या गरम पृष्ठभागावरच पेट घेते, असे निघाले. विजेवर आलेला आळ तिथे तरी खोटा होता. ऑस्ट्रेलियातल्या पाहणीतही हार्वेस्टरच्या बहुसंख्य आगी इंजिनाच्या कप्प्यातच सुरू झालेल्या आढळल्या.

आपल्याकडच्या आगींचा एक मोठा प्रकार तर ट्रॅक्टरच्या वायरिंगचा नाहीच. कडब्याने शीग लावून भरलेली ट्रॉली शेतातल्या लोंबत्या तारांना लागते आणि वरून पेटते. 1956 च्या वीज नियमांत रस्त्याव्यतिरिक्त जागी 11 केव्हीपर्यंतच्या (11 हजार व्होल्ट) उघड्या तारेसाठी किमान 4.6 मीटर उंची ठरवली होती. त्या वेळी तारेखालून जायची ती बैलगाडी. तार तेवढ्या उंचीवर असली तरी आजच्या शिगेत आणि तिच्यात फार अंतर उरत नाही, आणि वाकलेल्या खांबांवरची तार तेवढ्या उंचीवर कुठे असते!

1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-4 हे प्रदूषण निकष लागू झाले. त्यामुळे विजेच्या इशाऱ्यावर डिझेल फवारणारे कॉमन रेल इंजिन, सेन्सर आणि इंजिन सांभाळणारा संगणक म्हणजे ईसीयू आले, म्हणजे वायरिंग कितीतरी पट वाढले. काही यंत्रांवर काजळी पकडणारा फिल्टरही असतो, जो स्वतःला साफ करताना आतून 600 अंशांच्या आसपास तापतो. बॅटरी काढून ठेवून चालवायचे दिवस संपले आणि टर्मिनलवरून मनाला येईल तशी वायर ओढायचेही संपायला हवे होते. तसे झालेले दिसत नाही.

आता पंचनाम्याच्या त्या शब्दांकडे. जळक्या ट्रॅक्टरवर वितळलेली वायर सापडणे हा शॉर्ट सर्किटने आग लागल्याचा पुरावा नसतो. आधी डिझेलची गळती किंवा पाचट पेटले, त्याने वेष्टन जळाले आणि मग वायरी एकमेकींना चिकटल्या, तरी शॉर्ट होतेच. तपासनीस म्हणून तांब्याचे मणी शोधतात. तांबे 1,085 अंशांना वितळते. विजेची ठिणगी पडली की तारेच्या टोकाला गोल, चकचकीत मणी तयार होतो. एकाच वायरवर असे दोन-तीन मणी असले, तर बॅटरीपासून सर्वांत लांबचा मणी बहुधा पहिला. जवळची जागा आधी तुटली असती तर पुढे करंट पोचलाच नसता. आग कुठून सुरू झाली हे या मण्यांवरून बरेचसे कळू शकते. पण तपासायला कोणी येईपर्यंत जळक्या वायरिंगमधले तांबे सहसा भंगारवाल्याकडे किलोवर गेलेले असते.