आंबा घाट की आंबोली घाट? सोलापूरवरनं गाडी काढायच्या आधी एवढं वाचा

पावसाळा लागला की आपल्याकडच्या प्रत्येक बाइकवाल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो, "चला आंबा-आंबोली करू", आणि ते असं एका दमात म्हणतात जसं काय सोलापुरातलेच जुळे सोलापूर आणि विजापूर रोड, एकमेकांना खेटून. मग निम्मे लोक मॅपवर आंबोली टाकतात, निम्मे आंबा टाकतात, आणि कोल्हापूरला चहा पिताना कळतं की अर्ध्यांचं रूम बुकिंग भलत्याच जिल्ह्यात आहे. आंबा हे कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यात, घाट उतरला की रत्नागिरी जिल्हा, साखरपा. आंबोली सिंधुदुर्गात, सावंतवाडी तालुक्यात. रस्त्यानं दोघांत दीडशेच्या वर किमी अंतर आहे, मध्ये अख्खा राधानगरी-गगनबावडा पट्टा येतो. आणि तिसरं नाव आंबेनळी, ते महाबळेश्वर-पोलादपूर, प्रतापगडाच्या अंगानं उतरणारं, त्याचा या दोघांशी काही संबंध नाही, ते सातारा साइडचं प्रकरण आहे, त्याचं परत कधीतरी.

नावाचा घोळ एकवेळ चालेल, खरा घोळ वेगळाच आहे. "मस्त घाट आहे" असं दोन्हीबद्दल म्हणतात पण मस्त कशासाठी ते कुणी सांगत नाही. गाडी वळणावळणानं चालवायची मजा घ्यायची असेल तर एक, आणि धबधबे-धुकं-जंगल बघत बसायचं असेल तर दुसरा. माझ्या मते आंबा पहिल्यासाठी आणि आंबोली दुसऱ्यासाठी. उलटं करून गेलात की दोन्हीकडं चिडचिड होते.

आता सोलापूरचा हिशोब. आपल्याला घाट म्हटलं की तुळजापूरचा घाट, रविवारी सकाळी गाडी काढली की देवीचं दर्शन, नाश्ता आणि परत. पुढं येडशी-रामलिंगची वळणं आहेत, ती पण छान, पण तिथं सगळी सवय लागते ती आधी चढायची. आपण खालनं जातो, बालाघाटावर चढतो. सह्याद्रीत बरोबर उलटं होतं. सोलापूर स्वतःच पठारावर साडेचारशे मीटरवर बसलंय, आंबोली ६९० मीटरच्या आसपास, म्हणजे आंबोलीपर्यंत जाताना तुम्हाला चढल्यासारखं वाटतच नाही, आणि मग अचानक समोरचा डोंगर संपतो आणि रस्ता थेट कोकणात पडतो. म्हणजे तीनशे किमी सरळ रस्त्यावर हात-पाठ आखडल्यावर पहिल्यांदा जे समोर येतं ते उतार, ते पण ओला. नवीन पोरांना हे कुणी सांगत नाही. वरच्या गावात अर्धा तास तरी थांबा, पाय मोकळे करा, चहा घ्या, मग उतरा.

आंब्याला जायचा रस्ता तर आपल्यासाठी आयता आहे. देगाव, तिऱ्हे, बेगमपूरला भीमा ओलांडली की मंगळवेढा, सांगोला, नागज, कवठे महांकाळ, मिरज, कोल्हापूर आणि तोच हायवे पुढं मलकापूरवरनं आंबा गावात जातो आणि खाली रत्नागिरीला. हाच तो रत्नागिरी-नागपूर, राष्ट्रीय महामार्ग १६६. म्हणजे आपल्या घराजवळचाच हायवे घाटातनं समुद्रापर्यंत जातो, एकदा गाडी या रस्त्याला लागली की वळायचंच नाही. नागजपर्यंत मात्र कंटाळा येतो हे खरंय, उजवीकडं डावीकडं काही नाही, ऊन आणि वारा, तेवढं सोसायचं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बॅगेत असली तर सांगोल्याच्या पुढं कुठल्यापण बाभळीखाली जेवण होतं, आणि कडक भाकरीचं कसं, दोन दिवस बॅगेत राहिली तरी काही बिघडत नाही, फक्त टँक बॅगमध्ये वर ठेवा, खाली ठेवली की चुरा.

आंबा घाट हायवेचा घाट आहे हे लक्षात ठेवून गेलं पाहिजे. ट्रक, टँकर, एसटी सगळं याच रस्त्यानं कोकणात उतरतं. त्यामुळं रस्ता रुंद, कडेला कठडे, आणि वळणं अशी की एकातनं बाहेर पडला की दुसरं दिसायला लागतं, ताल धरता येतो. एक-दोन वळणं मात्र पार घोड्याच्या नालासारखी, चक्री वळण म्हणतात ते, तिथं ट्रकवाला वळायला दोन्ही लेन घेतो, घेणारच, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. समोर ट्रकचं तोंड दिसलं की डावीकडं थांबून त्याला जाऊ द्या. तसंही डोंगरात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमच आहे, आणि आपण उतरत असताना चढणारे म्हणजे ते ट्रकवाले.

उजव्या वळणाचं एक सांगतो, हे मुद्दाम. उजवीकडं वळताना गाडी झुकवली की चाक आपल्या लेनमध्ये असतं पण आपलं डोकं आणि खांदा मधल्या पट्टीच्या पलीकडं जातो. सरळ रस्त्यावर ही गोष्ट कधी जाणवत नाही. घाटात समोरनं एसटी आली की जाणवते. त्यामुळं उजव्या वळणात शिरताना डाव्या कडेला राहायचं, वळण संपतंय कुठं तिकडं बघायचं, आणि शेवट दिसल्याशिवाय आत झुकायचं नाही. ब्रेक वळणाच्या आधी मारून घ्यायचा, वळणात नाही. आणि उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे अजून आहेत, त्यांना काय म्हणावं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी धरू द्या, नुसता मागचा ब्रेक दाबत उतरलात तर अर्ध्या घाटात लायनरचा जळका वास येतो आणि मग ब्रेक दाबला तरी पाय नुसता खाली जातो.

आंब्यात बघायला काही नाही असं नाही. आंबा गावातनं विशाळगडाकडं जाणारा रस्ता जंगलातनं जातो, अरुंद, झाडांनी झाकलेला, हायवेपेक्षा शंभरपट भारी, पण हळू. पावनखिंड तिकडंच, १६६० च्या जुलैमध्ये बाजीप्रभू जिथं लढले ती. जुलैमध्ये त्या भागात गाडीवर गेलात आणि पाऊस अंगावर घेतलात तर ते लोक रात्रभर पन्हाळ्यावरनं कसे चालत आले असतील याचा थोडा अंदाज येतो, आपल्या रेनकोटमध्ये पाणी शिरलं तरी आपण कुरकुरतो.

आंबोलीला जायचं तर कोल्हापूरच्या पुढं पुणे-बेंगलोर हायवेनं संकेश्वरला जायचं, तिथनं गडहिंग्लज, आजरा, आंबोली. आजऱ्यापासनं हवा बदलते, भातखाचरं लागतात, काजू लागतात. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ घ्या, वास घरभर राहतो. आता आंबोलीचा पाऊस. आपल्या सोलापूर जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिमीच्या आसपास. आंबोलीत वर्षाला सात हजार मिमीच्या वर पडतो. आपला अख्खा वर्षाचा पाऊस तिकडं जुलैच्या एखाद्या जोराच्या आठवड्यात होऊन जातो, तर आपल्या इथं "रेनकोट आहे" म्हणून निघणाऱ्याचा रेनकोट तिथं काय कामाचा ते बघा. ग्लोव्हज पिळून पिळून घालावे लागतात. हेल्मेटची काच आतनं धूसर होते, बाहेरनं थेंब, आणि समोर धुकं, तिन्ही एकदम.

रस्ता आंब्यापेक्षा अरुंद, झाडी अंगावर आलेली, कडेला शेवाळ, आणि मोठा धबधबा तर रस्त्याच्या अगदी कडेलाच कोसळतो. दृश्य जबरदस्त आहे, त्यात वादच नाही. पण जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तिथं गाड्यांची रांग, मक्याची कणसं, भजी, ओल्या कपड्यात रस्त्याच्या मधोमध सेल्फी काढणारी मंडळी, डोक्यावर माकडं. वळणाची मजा वगैरे विसरा, क्लच धरून धरून डावा हात दुखतो फक्त. म्हणून म्हणतो आंबोली हे गाडी उभी करून बघायचं ठिकाण आहे. गाडी हॉटेलवर लावा आणि हिरण्यकेशीला जा, नदी जिथं गुहेतनं बाहेर येते तिथं देऊळ आहे. गेळ्याजवळ कावळेसादला जा, वारा जोरात असला की दरीत पडणारं पाणी परत वर उडून येतं, हे खोटं वाटतं पण खरंच येतं. चौकुळकडं जाणारा पठाराचा रस्ता संध्याकाळी हळू चालवायला फार भारी. रात्री बेडकांचा आवाज, तिथल्या बेडकांसाठी लोक कुठनं कुठनं कॅमेरे घेऊन येतात.

मंगळवार-बुधवारी सकाळी सातला मात्र आंबोली घाटपण चालवायला छान, वरनं खाली दाणोलीपर्यंत, साटम महाराजांच्या समाधीपाशी थांबून परत वर. पण सोलापूरचा नोकरीवाला माणूस मंगळवारी तिथं असणार कसा.

त्यामुळं शनिवार-रविवार एवढीच सुट्टी असेल तर आंबा. अंतर साधारण तीनशेच्या आत-बाहेर, रात्री आंब्यात मुक्काम, सकाळी लवकर ट्रक वाढायच्या आधी घाट साखरप्यापर्यंत उतरून परत चढायचा आणि घरी. आंबोलीला साडेतीनशेच्या घरात जातं आणि नुसतं जाऊन शिवून यायचं ठिकाण नाही ते, एक दिवस जास्त काढा. चार दिवस मिळाले तर दोन्ही जोडता येतात: आंब्यानं उतरा, साखरप्यावरनं पुढं पालीला मुंबई-गोवा हायवे धरा, सावंतवाडीला मुक्काम, आणि आंबोली चढून घरी. या बाजूनं केलं की आंबोली चढणीला येते, आणि ओल्या अरुंद घाटात चढणं उतरण्यापेक्षा कधीपण बरं, गाडी ताब्यात राहते. उलट्या बाजूनं करणारे पण आहेत, करा, पण नवीन असाल तर नको.

महिना कुठला विचाराल तर माझं मत ऑक्टोबर. हिरवं अजून असतं, रस्ता वाळलेला, गर्दी उतरलेली. गणपतीत कोकणाचा रस्ताच धरू नका, मुंबईचे चाकरमानी सगळे तिकडंच असतात. भर जुलैमध्ये जायचं तर निघायच्या आदल्या दिवशी घाट चालू आहे का याची चौकशी करा, २०२१ च्या जुलैमध्ये आंबा घाटात दरडी येऊन रस्ता खचला होता आणि अवजड गाड्या बरेच दिवस बंद होत्या. शिवाय या महामार्गाच्या चौपदरीकरणामुळं मध्ये कुठंही खडी, माती, एकेरी वाहतूक लागू शकते, खडीवर पुढचा ब्रेक म्हणजे आडवं होणं. आणि दिवाळीनंतर उसाचा सीझन सुरू झाला की मिरज-कोल्हापूर पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, अंधारात एकदम पुढ्यात उभे. घाटापेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटते, म्हणून येताना मिरज उजेडात पार करायचं बघा.