निवडणुकीच्या निकालाला आव्हान द्यायचे असेल तर : याचिकेत काय लिहिलेले हवे
(आमच्या पक्षकारांसाठी माहितीपत्रक)

निकाल लागून महिना उलटला की आमच्याकडे माणसे येऊ लागतात. हातात फोन, फोनमध्ये ढीगभर व्हिडिओ आणि तोंडी एकच वाक्य : "साहेब, घोटाळा झालाय. एकदा केस टाका, कोर्टात सगळे बाहेर येईल." घोडे अडते ते इथेच. काय झाले ते शोधून काढायला निवडणूक याचिका, म्हणजे निकालाला आव्हान देणारा कोर्टातला अर्ज, नसते. पुरावा सुनावणीत देता येतो, पण ज्याचा पुरावा द्यायचा ती गोष्ट याचिकेत आधीच लिहिलेली असावी लागते.

लोकसभा-विधानसभेच्या निकालाला लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ खाली फक्त उच्च न्यायालयात आव्हान देता येते. ते उमेदवाराला देता येते, तसेच त्या मतदारसंघातल्या कोणत्याही मतदारालाही. मुदत निकाल जाहीर झाल्यापासून ४५ दिवसांची आहे. झालेला उशीर माफ करून घेण्याची सोय या कायद्यात नाही. (ग्रामपंचायतीचे प्रकरण वेगळे. तिथे १५ दिवस आणि दिवाणी न्यायाधीश. त्यासाठी स्वतंत्र विचारा.)

सगळा भर १९५१ च्या अधिनियमातल्या कलम ८३ वर आहे. याचिकेत महत्त्वाची तथ्ये थोडक्यात हवीत. भ्रष्ट आचाराचा, म्हणजे पैसे वाटण्यासारख्या गैरप्रकाराचा, आरोप असेल तर त्याचा पूर्ण तपशीलही हवा. "विरोधकाने पैसे वाटले" हा नुसता आरोप झाला. कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला, कुठे आणि किती दिले, हे लिहिले की त्याला तथ्याचे रूप येते. लोक हमखास विसरतात ती गोष्ट पुढची : पैसे कार्यकर्त्याने वाटले असतील, तर त्याला विजयी उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची संमती होती असे का म्हणता, तेही लिहावे लागते.

१९६७ मध्ये दक्षिण मुंबईतून जॉर्ज फर्नांडिस निवडून आले. त्या निवडीविरुद्ध एका मतदाराने केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये महत्त्वाची तथ्ये आणि तपशील यांतला फरक स्पष्ट केला. तपशील अपुरा असेल तर नंतर वाढवता येतो. महत्त्वाचे तथ्यच राहून गेले असेल, तर मुदतीनंतर ते दुरुस्तीने घुसडता येत नाही.

मतमोजणीतल्या चुकांची तक्रार असेल तर गणित मांडा. विजयाचा फरक १,२०० मतांचा आणि तक्रार ३०० मतांची असेल, तर त्या ३०० मतांनी निकाल फिरत नाही, आणि याचिकाही तगत नाही. निकालावर प्रत्यक्ष परिणाम कसा झाला, हे केंद्रनिहाय आकड्यांनी दाखवावे लागते. फरक अगदी कमी असला म्हणूनही यातून सुटका नाही. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला होता, तरी त्याविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेटाळली. फेरमोजणीही नुसत्या संशयावर मिळत नाही. मतदान गुप्त आहे, आणि न्यायालये ती गुप्तता सहजासहजी मोडू देत नाहीत.

आता किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. यांच्यावर याचिका पहिल्याच दिवशी पडू शकते. २,००० रुपयांची अनामत भरावी लागते. प्रत्येक प्रतिवादीसाठी, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध याचिका आहे त्या प्रत्येकासाठी, याचिकेची एक प्रत लागते आणि ती खरी असल्याचे तुम्ही स्वतः सही करून प्रमाणित करायचे असते. "मलाच विजयी घोषित करा" अशीही मागणी असेल, तर लढलेले बाकीचे सगळे उमेदवार प्रतिवादी करावे लागतात, ज्याला जेमतेम ऐंशी मते पडली तोसुद्धा. भ्रष्ट आचाराच्या आरोपासोबत नमुना २५ मधील प्रतिज्ञापत्र जोडायचे असते. त्यातली चूक सुधारता येते असे न्यायालयांनी म्हटले आहे. तरी त्या भरवशावर राहू नका.

आमच्याकडे शक्यतो पहिल्या आठवड्यातच या. येताना मतदान केंद्रांवर तुमच्या प्रतिनिधींना मिळालेल्या १७ सी नमुन्याच्या (केंद्रावर नोंदल्या गेलेल्या मतांच्या हिशेबाच्या) प्रती आणि अंतिम निकालपत्रक, म्हणजे नमुना २०, घेऊन या. या दोन्हींतले आकडे आधी घरीच ताडून पाहा. व्हिडिओ असेल तर ज्याने चित्रित केला त्या माणसालाच आणा आणि त्याचा मूळ फोन जपून ठेवायला सांगा. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली प्रत आम्ही पाहू, पण तेवढ्यावर याचिकेत परिच्छेद लिहिणार नाही.