एमआरआयमध्ये डिस्क बल्ज निघाला, आता काय?

रावेर-यावलकडे केळीची कापणी जोरात असली की घड वाहणाऱ्यांच्या कंबरा धरतात, आणि हल्ली चार दिवसांत लोक थेट जळगावला जाऊन एमआरआय काढून येतात. रिपोर्टात 'एल४-एल५ डिस्क बल्ज' (म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी, तीच डिस्क, जरा बाहेर फुगलेली) वाचलं की गडी खाटेवरून उठायलाच घाबरतो आणि घरचे म्हणतात, झालं, आता शेती बंद.

पण १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचा एमआरआय काढला होता, त्यातल्या ५२ टक्के लोकांना बल्ज निघाला! म्हणजे फोटोत दिसतंय तेच दुखतंय असं नाही, म्हणूनच धोक्याची लक्षणं नसतील तर सुरुवातीलाच एमआरआय काढू नका असं गाइडलाइन सांगतात.

बरं, डिस्क खरंच फाटली तरी पुढे जे होतं ते मला फार भारी वाटतं. डिस्कच्या मधल्या मऊ गराला रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे आपल्या रोगप्रतिकारक पेशींशी त्याची कधी गाठच पडत नाही. बाहेरचं कडं फाटून हा गर नसेजवळ आला की शरीराला तो परका वाटतो, मग तिथे बारीक नवीन रक्तवाहिन्या फुटतात, मॅक्रोफेज नावाच्या कचरा गिळणाऱ्या पेशी येतात, मेटॅलोप्रोटिनेज नावाची एन्झाइम सुटतात आणि गर ज्यांचा बनलेला असतो ते कोलॅजन, प्रोटिओग्लायकॅन तोडून गर हळूहळू खाऊन टाकतात. याच वेळी टीएनएफ-अल्फासारखी रसायनं नसेला चिडवतात म्हणून पायात कळ जाते, म्हणजे जी सूज दुखवते तीच साफसफाईही करते. त्यामुळे पूर्ण तुटून बाहेर पडलेला तुकडा विरघळायची शक्यता साध्या बल्जपेक्षा कितीतरी जास्त, कारण बल्ज कड्याच्या आतच राहतो, तिथवर या पेशी पोचतच नाहीत.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची पद्धत आहे. बहुतेकांची कंबर काही दिवस-आठवड्यांत तशीही उतरते, श्रेय मात्र लाथेला जातं. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाला अशी लाथ मारली तर मणका मोडू शकतो, हे कृपा करून घरात सांगा.

करायचं काय? पडून राहू नका, जमेल तेवढं चाला, शेक घ्या, गोळी डॉक्टरांना विचारून. पॅरासिटामॉलने नव्या कंबरदुखीत प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा) लवकर बरं वाटत नाही हे २०१४ च्या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत दिसलं. जुनाट दुखण्यात व्यायामच लागतो, पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार) नको असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय.

मात्र लघवी अडकली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद जायला लागली तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं आणि रात्रीसुद्धा न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी तपासा, पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा कुठून पडला असाल तरी आधी डॉक्टर, ते सांगतील तर तिथे एमआरआय काढायचाच.