परवाचा बिबा आज का उततो?

"काल तं म्या बिब्याले हातई नाही लावला," मावशी सांगत होत्या. पापण्या सुजून डोळे मिटलेले, मनगटावर पाण्याने भरलेले बारीक फोड, खाजेने रात्रभर डोळा लागलेला नाही. वाशीमकडच्या खेड्यात त्या 6 वर्षांपासून बिबे फोडून गोडंबी काढतात. दगडावर बिबा ठेवायचा, घाव घालायचा. काळं तेल उडतं ते राख चोळलेल्या हातांवर. आजवर कधी उतला नव्हता.

त्या खरंच बोलत होत्या. बिबे काल नाही, परवा फोडले होते.

बिब्याचं तेल मुळातच जहाल. जास्त लागलं तर कुणाचीही कातडी भाजते. पण मावशींचं दुखणं त्याहून निराळं. तेलातला भिलावनॉल हा रेणू इतका लहान, की एकटा असताना शरीराच्या पहारेकऱ्यांना तो कळतही नाही. कातडीत मुरून तो आपल्याच प्रथिनांना चिकटतो आणि मग आपलंच प्रथिन परकं दिसू लागतं. कातडीतल्या लांगरहान्स पेशी (पॉल लांगरहान्सने 1868 मध्ये त्यांचं वर्णन केलं, तेव्हा तो विद्यार्थी होता आणि त्याला त्या मज्जातंतूंच्या पेशी वाटल्या) हा बदललेला तुकडा काखेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत नेतात आणि टी-पेशी नावाच्या पहारेकऱ्यांना दाखवतात. तो ओळखणाऱ्या टी-पेशी 10-15 दिवसांत वाढतात, त्यातल्या काही वर्षानुवर्षं टिकतात. ही ओळख पहिल्याच दिवशी होईल असं नाही, 6 वर्षांनीही होते. एकदा झाली की पुढच्या वेळी तेल लागताच या पेशी तिकडे जमू लागतात. त्यांना जमून सूज आणायलाच 24 ते 48 तास लागतात. तोवर दोष जातो काल खाल्लेल्या वांग्याच्या भाजीला!

अंगावर पित्त उठतं तो प्रकार वेगळा. तिथे हिस्टामिनमुळे काही मिनिटांत गांधी येतात आणि गोळीने बसतात. इथे सगळा खेळ टी-पेशींचा. म्हणून दुकानातून आणलेल्या पित्ताच्या गोळीने झोप येईल, फोड बसणार नाहीत. टी-पेशींना आवरायला डॉक्टर स्टेरॉइड देतात. चेहरा सुजला असेल तर मलम लावून घरी बसू नका, दवाखाना गाठा.

फोडातल्या पाण्याने उतणं पसरतं, लेकराला जवळ घेऊ नको, असं मावशींना कुणीतरी सांगितलेलं. त्या पाण्यात बिब्याचं तेल नसतं. नातवाला खुशाल जवळ घ्या, फक्त लुगडं बदलून. तेल राहतं ते पदरावर, दगडावर, नखांत. परीट याच तेलाने कपड्यांवर खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर नेमके त्या खुणेखाली चट्टे उठले होते, तेही धुतलेल्या कपड्यांनी.

मावशींच्या पापण्यांपर्यंत तेल पोचलं ते घाम पुसताना, पदराने. पापणीची कातडी पातळ, तिथे ते लगेच मुरतं. काम आटोपलं की चुलीकडे वळण्याआधी हात साबणाने धुवा, नखांसकट, असं त्यांना सांगितलं. आणि आंबा बिब्याच्याच कुळातला. यंदा साल दातांनी सोलू नका, असंही.